मार्क आणि फ्रँक: युरोच्या आधीचा विनिमय दर शोधायचा कसा आणि पडताळायचा कसा

एका जर्मन मार्काला किती फ्रेंच फ्रँक? हा प्रश्न आज कुठेही टाकला तर बहुतेक वेळा ३.३५३८६ हा आकडा समोर येतो. आकडा खरा आहे, पण तो जानेवारी १९८७ नंतरचा आहे. १९६५ सालच्या एखाद्या करारातली रक्कम या दराने फिरवली तर उत्तर जवळजवळ पावणेतीन पटीने फुगतं, कारण तेव्हा मार्काचा भाव जेमतेम १.२३ फ्रँक होता. चूक इतकी मोठी असूनही सहज नजरेतून सुटते, कारण दोन्ही चलनं आता चालत नाहीत आणि कुठला आकडा विचित्र आहे हे सांगणारी रोजची सवय कुणालाच उरलेली नाही.

अर्थशास्त्राचे विद्यार्थी, जर्मन किंवा फ्रेंच कागदपत्रांचे अनुवादक, नाणी-नोटांचे संग्राहक, जुन्या कंपन्यांचे हिशेब चाळणारे अभ्यासक, अशा सगळ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतो. माझ्या मते यात सगळा भर तारखेवर असायला हवा. या जोडीचा दर बराच काळ रोज थोडाथोडा सरकत नव्हता. तो महिनोन्‌महिने एका जागी राही आणि एखाद्या सोमवारी एकदम वर उडी मारी. त्या उड्यांच्या तारखा हाताशी असल्या की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं साध्या भागाकाराचं आहे.

कोणता मार्क आणि कोणता फ्रँक?

आकड्याकडे वळण्याआधी कागदावरचं चलन नक्की करा. इथे 'मार्क' म्हणजे डॉइच मार्क. तो जून १९४८ च्या चलनसुधारणेनंतर पश्चिम जर्मनीत आला. त्याआधीच्या कागदावर राइशमार्क असतो आणि त्याचा हिशेब पूर्ण वेगळा. पूर्व जर्मनीचा मार्कही वेगळा. जुलै १९९० पर्यंतच्या लाइपझिग किंवा ड्रेस्डेनच्या पावतीला पश्चिमेचा दर लावू नका.

फ्रँकच्या बाबतीत गुंता जास्त आहे. बेल्जियन आणि स्विस फ्रँक बाजूला ठेवले तरी खुद्द फ्रान्समध्ये दोन फ्रँक आहेत. १ जानेवारी १९६० रोजी १०० जुन्या फ्रँकांचा एक नवा फ्रँक झाला. सुरुवातीला नोटांवर 'नवा फ्रँक' असं छापलेलं असे, १९६३ पासून नुसतं 'फ्रँक' उरलं. म्हणून १९५९ च्या कागदावरचा फ्रँक आणि १९६४ च्या कागदावरचा फ्रँक यांत शंभरपटीचा फरक आहे, नाव मात्र तेच.

इथे खाजगी पत्रं वाचणाऱ्यांनी विशेष सावध राहावं. नवा फ्रँक आल्यावरही फ्रान्समधली माणसं पुढची कित्येक वर्षं जुन्या फ्रँकांत बोलत राहिली, विशेषतः घर, जमीन, लॉटरी अशा मोठ्या रकमांच्या वेळी. १९७० च्या आसपासच्या पत्रात कुणी 'घर दहा दशलक्षांना घेतलं' असं लिहिलं असेल, तर बहुधा ते जुने फ्रँक असतात, म्हणजे एक लाख नवे. अशा ठिकाणी विक्रीचा दस्त किंवा बँकेचा कागद मिळाला तर तो प्रमाण माना. पत्रातला आकडा एकटा असेल तर त्या काळातल्या घरांच्या किमतींशी ताडून बघा.

दराची दिशाही आताच लिहून ठेवा. पॅरिसमध्ये दर १०० मार्कांना किती फ्रँक असा सांगितला जाई आणि फ्रँकफुर्टमध्ये १०० फ्रँकांना किती मार्क असा. त्यामुळे ३३५.३८६ आणि २९.८१६४ हे दोन्ही एकाच दराचे चेहरे आहेत. जर्मन तक्त्यांत इटलीचा लिरा हजाराच्या हिशेबात, फ्रँक शंभराच्या आणि डॉलर एकाच्या हिशेबात असतो. तेव्हा स्तंभाच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तारीख कोणत्या काळात पडते?

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळू या.

१९४९ ते १९७१ या काळात दोन्ही चलनं डॉलरला बांधलेली होती आणि डॉलर सोन्याला, एका औंसाला ३५ डॉलर या भावाने. दोन चलनांचा आपसातला दर म्हणजे त्यांच्या डॉलर-दरांचा भागाकार. डॉलरच्या हिशेबातला बाजारभाव अधिकृत दराभोवती एका टक्क्याच्या आत फिरे, त्यामुळे या काळातल्या बहुतेक दिवसांसाठी अधिकृत दर वापरला तरी बहुतेक कामांना पुरतो.

सप्टेंबर १९४९ मध्ये डॉलरला ४.२० मार्क आणि ३५० जुने फ्रँक असे दर ठरले. ३५० भागिले ४.२०, म्हणजे मार्काला ८३.३३ जुने फ्रँक. ऑगस्ट १९५७ मध्ये फ्रान्सने बऱ्याच व्यवहारांवर वीस टक्के अधिभार लावला आणि व्यवहारातला दर ४२० झाला. तेव्हा मार्काला बरोबर १०० जुने फ्रँक पडत. डिसेंबर १९५८ मध्ये फ्रान्सचे नेते द गॉल सत्तेवर असताना पुन्हा अवमूल्यन झालं, डॉलरला ४९३.७०६ फ्रँक. भागाकार ११७.५४९. वर्षभराने शून्यं उडाली आणि तोच दर १.१७५४९ नवे फ्रँक असा दिसू लागला.

६ मार्च १९६१ रोजी जर्मनीने मार्क वर नेला, डॉलरला ४ मार्क. फ्रँक ४.९३७०६ वरच राहिला. भागाकार १.२३४२७. हा दर आठ वर्षांहून जास्त टिकला. सोन्याच्या वजनावरूनही तो ताडता येतो: तेव्हाचा मार्क म्हणजे ०.२२२१६८ ग्रॅम सोनं आणि फ्रँक म्हणजे ०.१८ ग्रॅम. पहिल्याला दुसऱ्याने भागा, १.२३४२७ च येतं. दोन स्वतंत्र वाटांनी एकच उत्तर मिळालं की आकड्यावर भरवसा ठेवायला हरकत नसते.

मग आलं १९६९ साल. या वर्षाची तारीख असलेला कागद हाती आला तर महिना आणि दिवस न बघता काहीच करू नका. मे १९६८ मधल्या विद्यार्थी-कामगारांच्या उद्रेकानंतर फ्रान्समध्ये पगार वाढले, भांडवल बाहेर जाऊ लागलं, तरी द गॉल यांनी नोव्हेंबर १९६८ मध्ये अवमूल्यनाला ठाम नकार दिला. ते पायउतार झाल्यावर नवे राष्ट्राध्यक्ष पाँपिदू यांच्या कारकिर्दीत ऑगस्ट १९६९ मध्ये, ऐन सुट्टीच्या दिवसांत, फ्रँक खाली आणला गेला: डॉलरला ५.५५४१९. मार्काचा भाव १.३८८५५ झाला. सप्टेंबरअखेर जर्मनीने मार्क मोकळा सोडला आणि २७ ऑक्टोबरला तो डॉलरला ३.६६ वर पुन्हा बांधला. आता भाव १.५१७५४. जुलैत लिऑनच्या व्यापाऱ्याने दहा हजार मार्कांचं यंत्र मागवलं असतं तर त्याला १२,३४३ फ्रँक मोजावे लागले असते. तेच पैसे नोव्हेंबरात चुकते करायचे तर १५,१७५. एकाच वर्षात २३ टक्क्यांचा फरक, आणि वार्षिक सरासरीचा तक्ता हा सगळा फरक एका आकड्यात गिळून टाकतो.

१९६९ च्या अवमूल्यनाबद्दल पुस्तकांत '११.१ टक्के' असं वाचायला मिळतं आणि ४.९३७०६ ते ५.५५४१९ ही वाढ मोजली तर १२.५ टक्के येते. दोन्ही बरोबर आहेत. फ्रँकचं सोनं ०.१८ ग्रॅमवरून ०.१६ झालं, ही घट ११.१ टक्के. फ्रँकमध्ये मोजलेल्या डॉलरची वाढ १२.५ टक्के. टक्का कुठल्या बाजूने मोजलाय हे तपासल्याशिवाय तो जुन्या दराला लावू नका.

१९७१ ते १९७९ हा काळ जास्त किचकट आहे. मे १९७१ मध्ये मार्क मोकळा सुटला. डिसेंबर १९७१ च्या वॉशिंग्टन करारात डॉलरला ३.२२२५ मार्क आणि ५.११५७ फ्रँक असे दर ठरले, म्हणजे मार्काला १.५८७५. एप्रिल १९७२ मध्ये युरोपीय चलनं एका अरुंद पट्ट्यात बांधली गेली. फ्रान्स जानेवारी १९७४ मध्ये त्यातून बाहेर पडला, जुलै १९७५ मध्ये परत आला आणि मार्च १९७६ मध्ये पुन्हा बाहेर गेला. बाहेर असतानाच्या काळासाठी अधिकृत दर हा आधार चालत नाही. त्या दिवसाचा बाजारभावच हवा.

याच काळात आणखी एक खड्डा आहे. ऑगस्ट १९७१ ते मार्च १९७४ फ्रान्समध्ये एकाच दिवशी दोन दर असत: मालाच्या व्यापारासाठी 'व्यापारी फ्रँक' आणि भांडवली देवघेवीसाठी 'वित्तीय फ्रँक'. यंत्राच्या बिलाला पहिला लागतो, शेअर खरेदीला दुसरा. एकाच तारखेचे दोन वेगळे आकडे सापडले तर लगेच छपाईची चूक समजू नका.

सोमवारच्या उड्या: १९७९ ते १९९८

१३ मार्च १९७९ रोजी युरोपीय चलनव्यवस्था सुरू झाली. प्रत्येक जोडीला एक मध्यवर्ती दर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना २.२५ टक्क्यांचा पट्टा, बाजारभावाने त्या पट्ट्यातच राहायचं. मध्यवर्ती दर बदलायचा, म्हणजे फेरजुळवणी करायची, तर अर्थमंत्री शनिवार-रविवारी ब्रुसेल्समध्ये बसत आणि सोमवारी बाजार नव्या दराने उघडे. एका मार्काला किती फ्रँक, त्याचे मध्यवर्ती दर असे:

१३ मार्च १९७९: २.३०९५०
२४ सप्टेंबर १९७९: २.३५५६८
५ ऑक्टोबर १९८१: २.५६२१२
१४ जून १९८२: २.८३३९६
२१ मार्च १९८३: ३.०६६४८
७ एप्रिल १९८६: ३.२५६१७
१२ जानेवारी १९८७: ३.३५३८६

ही यादी लिहून जवळ ठेवा. प्रत्येक पायरी स्वतः पडताळता येते. उदाहरणार्थ ५ ऑक्टोबर १९८१ रोजी मार्क ५.५ टक्के वर आणि फ्रँक ३ टक्के खाली गेला. म्हणून २.३५५६८ गुणिले १.०५५, भागिले ०.९७. उत्तर २.५६२१२. मार्च १९८३ मध्ये मार्क ५.५ टक्के वर, फ्रँक २.५ टक्के खाली: २.८३३९६ गुणिले १.०५५, भागिले ०.९७५. पाचव्या दशांशस्थळी एखाद्या एककाचा फरक पडला तर चालेल. त्याहून जास्त पडला तर हातातल्या यादीत कुठेतरी आकडा चुकीचा उतरला आहे.

मध्यवर्ती दर म्हणजे बाजारभाव नव्हे, हे मात्र पक्कं लक्षात असू द्या. मार्च १९८३ चंच बघा. २१ तारखेच्या आधी मध्यवर्ती दर २.८३३९६ होता आणि पट्ट्याची वरची कड सुमारे २.९०. त्या सोमवारपासून मध्यवर्ती दर ३.०६६४८ झाला आणि नव्या पट्ट्याची खालची कडच सुमारे ३.०० वर आली. म्हणजे आदल्या शुक्रवारी बाजार कुठेही असला तरी सोमवारी त्याला उडी मारणं भागच होतं. १२,००० मार्कांच्या बिलाला शुक्रवारपर्यंत जास्तीत जास्त सुमारे ३४,८०० फ्रँक लागत होते. सोमवारनंतर कमीत कमी सुमारे ३६,०००. राष्ट्राध्यक्ष मितराँ यांच्या सरकारने खर्चाला कात्री लावण्याचं वळण घेतलं ते याच आठवड्यात. अर्थमंत्री जाक दलॉर यांनी ब्रुसेल्समध्ये जर्मनीकडून मोठ्या पुनर्मूल्यनाचा, म्हणजे मार्क बराच वर नेण्याचा, आग्रह धरला होता. बाराशे फ्रँकांचा तो फरक बघितला की त्या वाटाघाटी सामान्य आयातदाराच्या खिशापर्यंत कशा पोचत होत्या हे कळतं.

याउलट जानेवारी १९८७. जुन्या पट्ट्याची वरची कड सुमारे ३.३३ आणि नव्याची खालची ३.२७९२. पट्टे एकमेकांवर आले, म्हणून बाजारभावाला उडी मारायची सक्ती नव्हती. १९८१ चं, १९८२ चं, १९८३ चं आणि १९८६ चं फेरजुळवणीचं गणित एका जातीचं, १९८७ चं दुसऱ्या. केवळ मध्यवर्ती दराची यादी वापरून 'या दिवशी फ्रँक इतका पडला' असं लिहिणाऱ्या लेखांत हा भेद हमखास हरवलेला असतो.

३.३५३८६ हा दर जानेवारी १९८७ पासून शेवटपर्यंत बदलला नाही. पॅरिसमध्ये सत्ता बदलली, १९९२ च्या सप्टेंबरात पौंड आणि लिरा व्यवस्थेबाहेर फेकले गेले, तरी फ्रान्सने 'भक्कम फ्रँक' हे धोरण सोडलं नाही. पण २ ऑगस्ट १९९३ पासून पट्टा १५ टक्क्यांचा झाला आणि फ्रँक लगेच ३.४३०५ या जुन्या कडेच्या पलीकडे गेला. त्यामुळे ऑगस्ट १९९३ नंतरच्या कागदाला डोळे मिटून मध्यवर्ती दर लावू नका. त्या दिवसाचा बाजारभाव शोधा.

आकडा कुठे मिळतो?

जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे बुंडेसबँकेच्या संकेतस्थळावर कालश्रेणींचा साठा आहे. त्यात फ्रँकफुर्टच्या बाजारात दुपारी ठरणारे अधिकृत दर १९९८ अखेरपर्यंत मिळतात, १०० फ्रँकांना किती मार्क या रूपात. या जोडीसाठी मी याला पहिली पसंती देतो, कारण हा थेट दर आहे, मध्ये डॉलर नाही. बँक द फ्रान्सचा 'वेबस्टॅट' हा साठा फ्रेंच बाजूने तपासायला उपयोगी. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या वित्तीय आकडेवारीत महिन्याअखेरचे आणि सरासरी असे दोन्ही दर डॉलरच्या हिशेबात असतात. अमेरिकेत सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या 'फ्रेड' या विदापेढीत १९७१ पासूनची मार्क आणि फ्रँक यांची डॉलरशी मासिक सरासरी आहे. वापरायला ती सगळ्यात सोपी. बँक ऑफ इंग्लंडच्या साठ्यात पौंडाच्या हिशेबाने १९७५ पासूनचे दर आहेत.

रुपयांत उत्तर हवं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या भारतीय अर्थव्यवस्थेवरील सांख्यिकी पुस्तिकेत रुपया-मार्क दराचा स्तंभ आहे. १९९९ नंतर त्याची जागा युरोने घेतली. फ्रँकचा स्तंभ त्यात नाही. म्हणून आधी फ्रँकचे मार्क करा, मग मार्काचे रुपये.

डॉलरवरून काढलेला दर

थेट दर नसेल तर दोन्हींचा डॉलर-दर घ्या आणि फ्रँकच्या आकड्याला मार्काच्या आकड्याने भागा. फेब्रुवारी १९८५ घ्या. डॉलर तेव्हा शिखरावर होता: महिन्याची सरासरी सुमारे ३.३० मार्क आणि सुमारे १०.०९ फ्रँक. भागाकार ३.०६. मध्यवर्ती दर ३.०६६४८. डॉलरने दोन्ही चलनांना हैराण केलं होतं, पण त्यांचा आपसातला दर जागचा हलला नव्हता. चलनव्यवस्था कशासाठी उभारली होती, हे या एका भागाकारात दिसतं.

दोन्ही आकडे एकाच प्रकारचे असायला हवेत, ही अट कधीही मोडू नका. एक महिन्याअखेरचा आणि दुसरा सरासरी, किंवा एक न्यूयॉर्कच्या दुपारचा आणि दुसरा फ्रँकफुर्टचा, असं झालं तर शांत महिन्यात फरक जाणवत नाही. पण डॉलर उसळत असताना उत्तर पट्ट्याबाहेर जातं आणि घडलेलंच नसलेलं संकट तक्त्यात दिसू लागतं. १९७९ ते जुलै १९९३ मधला काढलेला दर पट्ट्याबाहेर पडला तर आधी हीच चूक शोधा.

हीच रीत गोव्याच्या जुन्या कागदांनाही लागू पडते. १९५८-५९ च्या सुमारास पोर्तुगीज राजवटीने गोव्यात रुपियाऐवजी एस्कुदो आणला, एका रुपियाला सहा एस्कुदो या दराने. रुपिया भारतीय रुपयाच्या बरोबरीने चालत असे. तेव्हा डॉलरला २८.७५ एस्कुदो आणि ४.७६१९ रुपये. भागाकार ६.०४. म्हणजे सहाचा दर डॉलरच्या हिशेबाशी जवळजवळ जुळणारा होता. 

१९९९ नंतरची रक्कम

३१ डिसेंबर १९९८ रोजी कायमचे दर ठरले: एका युरोला १.९५५८३ मार्क आणि ६.५५९५७ फ्रँक. १ जानेवारी १९९९ पासून दोन्ही चलनं युरोचीच रूपं झाली, तरी नोटा-नाणी २००२ पर्यंत चालू राहिली. या तीन वर्षांत मार्काचे फ्रँक करायचे तर कायद्याने ठरवलेली वाट युरोतूनच जाते. ५,००० मार्क घ्या. १.९५५८३ ने भागा, २,५५६.४५९ युरो येतात. मधली रक्कम किमान तीन दशांशस्थळांपर्यंत ठेवायची असा नियम आहे. तिला ६.५५९५७ ने गुणा: १६,७६९.२७ फ्रँक. थेट ३.३५३८६ ने गुणलं तर १६,७६९.३० येतात. तीन सांतिमांचा (सांतिम म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग) फरक वाटायला क्षुल्लक, पण बँकेच्या जुन्या उताऱ्याशी तुमचं उत्तर जुळत नसेल तर कारण बहुधा हेच असतं. कायम दर उलटा करून, म्हणजे एक मार्क बरोबर ०.५११ युरो असा छोटा आकडा बनवून गुणायलाही त्या नियमात मनाई होती.

घरात एखादी नोट सापडली असेल तर तिच्याबद्दल इथेच सांगतो. डॉइच मार्काच्या नोटा आणि नाणी बुंडेसबँक आजही १.९५५८३ च्या दराने बदलून देते, मुदत नाही. फ्रँकच्या नोटांची मुदत मात्र १७ फेब्रुवारी २०१२ रोजी संपली. त्यांना आता संग्राहक देईल तेवढीच किंमत.

आकडे बघून हमखास फसतात अशा जागा

काही आंतरराष्ट्रीय साठ्यांत जुन्या काळातल्या फ्रान्सच्या रकमाही युरोत दाखवलेल्या असतात, कायम दराने मागे नेऊन. १९६५ साली डॉलरला फ्रान्सचा दर ०.७५२६५ आणि जर्मनीचा २.०४५१७ असा दिसला तर दचकू नका. ४.९३७०६ ला ६.५५९५७ ने आणि ४ ला १.९५५८३ ने भागून ते आकडे आलेत. पण या दोन आकड्यांचा आपसात भागाकार करून ०.३६८ हा 'मार्क-फ्रँक दर' म्हणून वापरलात तर घोटाळा होईल. त्याला ३.३५३८६ ने गुणा, १.२३४२७ परत मिळतो. साधी खूण: १९६० ते १९९८ च्या वर्षांत फ्रान्सचा डॉलर-दर चारच्या खाली सलग दिसत असेल तर तिथे खरा फ्रँक नाही.

सरासऱ्यांचं गणित फसवं आहे. एका महिन्यात मार्क ३.०० आणि दुसऱ्यात ३.४० फ्रँक असेल तर सरासरी ३.२०. तेच दर फ्रँकफुर्टच्या दिशेने लिहिले तर ०.३३३३ आणि ०.२९४१, सरासरी ०.३१३७, आणि ती उलटी केली तर ३.१८७५. दर आधी एका दिशेत आणा, मग सरासरी काढा. आणि ज्या महिन्यात फेरजुळवणी झाली त्या महिन्याची सरासरी वापरूच नका. मार्च १९८३ ची सरासरी दोन वेगवेगळ्या दुनियांच्या मधोमध पडते, तिथे प्रत्यक्ष कुणीच व्यवहार केलेला नाही.

शेतमालाचे कागद असतील तर आणखी एक दर आड येतो. १९६९ च्या उलथापालथीनंतर युरोपीय समुदायाने शेतमालाच्या समान किमती टिकवण्यासाठी वेगळे 'हरित दर' ठेवले आणि सीमेवर भरपाईच्या रकमा लावल्या. सीमेवरच्या भरपाईची ही पद्धत १९९२ अखेरपर्यंत चालली. गहू, दूध, डुकराचं मांस यांच्या अधिकृत किमतींना बाजाराचा दर लावला तर हिशेब जुळणार नाही.

पर्यटकाची पावती असेल तर बँकेचं कमिशन आणि नोटांच्या खरेदी-विक्रीतला फरक धरून दोन-तीन टक्के इकडेतिकडे व्हायचेच. तिथे चौथ्या दशांशाचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

हात साफ करायला एक पडताळणी

पद्धत जमली की नाही हे बघायला सारलँडचं उदाहरण घ्या. कोळसा आणि पोलादाचा हा जर्मन प्रदेश दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या आर्थिक छायेखाली होता. १९५७ च्या सुरुवातीला तो राजकीयदृष्ट्या पश्चिम जर्मनीत आला, तरी तिथे फ्रँकच चालू राहिला. ६ जुलै १९५९ रोजी मार्क आला. खाणकामगारांचे पगार, बचतखाती, दुकानांतल्या किमती, सगळं एका दिवसात फिरवलं गेलं.

आता दर तुम्हीच काढा. तारीख १९५९, म्हणजे जुना फ्रँक. काळ डॉलरला बांधलेल्या दरांचा. डॉलरला ४९३.७०६ फ्रँक आणि ४.२० मार्क. भागाकार ११७.५४९ फ्रँक. दिशा उलटी करून शंभराच्या हिशेबात आणा: १०० भागिले ११७.५४९, म्हणजे ०.८५०७ मार्क. सारलँडमध्ये प्रत्यक्ष लागू झालेला दर १०० फ्रँकांना ०.८५०७ मार्क हाच होता.

उत्तर आलं की ते नुसत्या आकड्यात लिहून सोडू नका. तारीख, दिशा, चलनाचा प्रकार, दराचा प्रकार आणि तो कुठून घेतला हे एका ओळीत लिहा. उदाहरणार्थ: '६ जुलै १९५९, १०० जुन्या फ्रेंच फ्रँकांना ०.८५०७ डॉइच मार्क, अधिकृत दर, डॉलरच्या दरांवरून काढलेला, सारलँडच्या चलनबदलाच्या दराशी ताडलेला.' सहा महिन्यांनी तुम्ही स्वतः किंवा दुसऱ्या कुणी ही वही उघडली, तर त्या ओळीवरून सगळा हिशेब पुन्हा मांडता येईल.